मराठवाड्याची हवा चांगली आहे असं अजून किती दिवस म्हणायचं?

मोतीबाग_जालना
नमस्कार मंडळी. आम्ही जालन्यात औद्योगिक वसाहतीच्या अंगाला राहतो. गच्चीवर काही वाळत घालायचं म्हणलं की आधी गच्ची झाडावी लागते, आणि झाडून जे निघतं ती नुसती माती नसते, काळी चमकणारी बारीक भुकटी असते. परवा मुलाच्या खेळण्यातलं चुंबक कागदात गुंडाळलं आणि त्या ढिगावरून फिरवलं तर बरंच काही कागदाला चिकटून वर आलं, चुंबक काढून घेतलं की खाली गळून पडलं. म्हणजे लोखंडाचे कण आहेत ते. हेच आम्ही आणि आमची लेकरं रोज नाकातोंडातून आत घ्यायलोय.
दिवाळी आली की टीव्हीवर दिल्ली, दिल्ली आणि दिल्ली. आपल्याकडं म्हणजे सगळं मोकळं रान, हवेला काय धाड भरलीय असं सगळ्यांना वाटतं. पण केंद्र सरकारनं २०१९ ला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात हवेच्या मापात न बसणाऱ्या शहरांची यादी आहे आणि त्या यादीत आपली तीन शहरं आहेत, छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. हे आपल्याकडच्या किती लोकांना माहीत आहे?
मला नुसती चिडचिड नाही करायची. तुमच्या गावात हवा नेमकी कशानं खराब होते आणि तिथं काय करता येईल हे प्रत्येकानं आपापल्या अनुभवाचं लिहा, माझी विनंती आहे.

बालाघाट_बीड
ताई राग मानू नका पण जालना शहर सोडलं तर बाकी मराठवाड्यात कुठंय प्रदूषण? आमच्या इकडं डोंगर, मोकळी हवा, रात्री चांदण्या दिसतात. कोरडवाहू मुलूख आहे, धूळ तर राहणारच, ती काय आजची नाही. प्यायला पाणी नाही, सोयाबीनला भाव नाही, ते आधी बघू का हवा बघू?

मोतीबाग_जालना
दादा पाण्याचं आणि भावाचं दुखणं मोठं आहेच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण दमा झालेल्या लेकराला घेऊन रात्री दोन वाजता दवाखाना गाठावा लागतो तेव्हा तोच सोयाबीनचा पैसा जातो ना.

श्वास_लातूर
मी लातूरला छातीच्या आजारांची प्रॅक्टिस करतो, म्हणून बालाघाट यांच्या धुळीच्या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो.
धूळ आणि धूळ यात फरक असतो. रानातली माती उडते तिचे कण बहुतेक जाड असतात, नाकात, घशात अडकतात, खोकल्यावाटे बाहेर पडतात. त्रास देतात पण बराचसा वरच्यावर. आम्हाला धास्ती असते ती पीएम २.५ ची. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो म्हणजे बघा किती बारीक. हे कण फुफ्फुसाच्या पार शेवटच्या फुग्यापर्यंत जातात आणि त्यातले अगदी सूक्ष्म तर रक्तात उतरतात. म्हणून हवा खराब झाली की नुसता दमा वाढत नाही, हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका पण वाढतो. आणि हे बारीक कण मातीतून फार कमी येतात, ते येतात जळण्यातून. कोळसा, डिझेल, लाकूड, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला, कचरा, भंगारातलं प्लास्टिक, काहीही जाळा.
आपल्या देशात वर्षाच्या सरासरीची मर्यादा पीएम २.५ ला ४० मायक्रोग्रॅम आणि पीएम १० ला, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना, ६० मायक्रोग्रॅम आहे, एका घनमीटर हवेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हेच आकडे ५ आणि १५ वर आणले. म्हणजे आपल्या मापात पास झालेलं शहर पण तब्येतीच्या दृष्टीनं पास असेलच असं नाही.
आणि एक, तोंडाला रुमाल बांधून फिरणारे भरपूर पेशंट मला भेटतात. रुमालानं जाड धूळ अडते, पीएम २.५ नाही अडत. त्याला एन ९५ मास्कच लागतो आणि तो पण गालाला घट्ट बसला पाहिजे.

बिलेट
मी जालन्यात फर्नेसवर बरीच वर्षं नोकरी केली, आता दुसऱ्या धंद्यात आहे. कारखान्याचं नाव घेणार नाही आणि सगळे सारखे असतात असंही म्हणणार नाही, काही मालक खरंच व्यवस्थित चालवतात. पण धूर कुठून येतो ते लोकांना कळावं म्हणून लिहितो.
आपल्याकडं सळई बनते ती बहुतांशी भंगारापासून. इंडक्शन फर्नेस विजेवर चालते, म्हणून लोक म्हणतात की विजेवर आहे तर धूर कसला. धूर भंगाराचा असतो साहेब. भंगारात तेल असतं, रंग असतो, रबर, प्लास्टिक, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे. हे सगळं उकळत्या लोखंडात पडलं की एकदम जाळ आणि पिवळा, पांढरा, काळा धूर उठतो. सगळ्यात जास्त धूर चार्जिंगच्या वेळेला, म्हणजे भंगार आत टाकताना. त्यावेळी तो ओढून घ्यायला भट्टीवर हूड असतो, तिथून पाइपानं बॅग फिल्टरमध्ये, तिथं कापडी पिशव्यांत धूळ अडकते आणि साफ हवा चिमणीतून वर जाते. यंत्रणा चांगली आहे, नीट चालवली तर काम करते.
पण होतं काय, क्रेननं भंगार टाकताना हूड मधी येतो म्हणून तो बाजूला सारतात आणि बाजूला सारला की तसाच राहतो. धूर चिमणीकडं जायच्या ऐवजी शेडच्या पत्र्यातून, खिडक्यांतून बाहेर. चिमणी बघायला आलेल्या माणसाला चिमणी स्वच्छच दिसणार. दुसरं म्हणजे सक्शनचा पंखा मोठ्या मोटरवर चालतो, वीज खातो, म्हणून रात्री बंद ठेवायची सवय काही ठिकाणी. तिसरं, फाटलेल्या पिशव्या वेळेवर बदलत नाहीत.
यावर उपाय चंद्रावरून आणायचा नाही. भंगार छाटून, तेल प्लास्टिक काढून टाकायचं, हूड असा बसवायचा की चार्जिंग चालू असताना पण जागेवर राहील, आणि फिल्टरच्या पंख्याला वेगळं वीज मीटर लावायचं म्हणजे रात्री चालला का नाही ते युनिटवरून कळतं. अजून एक मोठी गोष्ट, बिलेट म्हणजे भट्टीतून ओतलेला लोखंडाचा ठोकळा, तो थंड करून परत कोळशावर तापवायच्या ऐवजी गरम असतानाच सरळ रोलिंग मिलमध्ये, म्हणजे सळई ओढायला, घ्यायचा. तापवायची भट्टीच लागत नाही, कोळसा वाचतो, मालकाचा पैसा पण वाचतो. जालन्यात काही मिल असं करतात.

रोलिंग_शिफ्ट
हे सगळं ठीक आहे पण आमच्यासारख्या हजारो लोकांचं पोट त्या भट्टीवर आहे. तुम्ही लोक तक्रारी करता, मिल बंद पडते, मग यूपी बिहारचे पोरं गावाकडं जातात आणि आम्ही बसतो घरी.

बिलेट
भाऊ, मी तिथंच भाकर कमावली, मला ते कळतं. कारखाना बंद करा असं इथं कुणीच म्हणालं नाही. आणि खरं सांगायचं तर तो धूर पहिल्यांदा तुमच्याच छातीत जातो, गच्चीवरच्या ताईकडं नंतर पोचतो. भट्टीपाशी उभा राहणाऱ्याला मालकानं साधा चांगला मास्क पण द्यायचा नाही हे तुम्हाला चालतं का?

रोलिंग_शिफ्ट
मास्कचं बरोबर आहे. आम्हाला गमछाच असतो.

गोदाकाठ_शेतकरी
गंगाखेडकडचा आहे मी, ऊस आणि कापूस. कारखान्यांवर सगळे बोलतात पण आमच्या शिवारात जानेवारी फेब्रुवारीत संध्याकाळी उभं राहून बघा, चारी बाजूनं पाचट पेटलेलं दिसतंय. पंजाबचं नाव खराब झालं, आपल्याकडं तेच चाललंय फक्त थोड्या आठवड्यांत न होता सगळा हंगामभर होतंय, म्हणून डोळ्यावर येत नाही.
आता शेतकरी कामून जाळतो ते पण ऐका. तोडणी झाली की खोडव्याला, म्हणजे बुडख्यातून परत फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायचं असतं, सरीत पाचट असलं की पाणी पुढं सरकत नाही. उंदीर होतात, साप राहतो अशी भीती. शेजाऱ्यानं पेटवलं की वाऱ्यानं आपलं पण पेटतं, म्हणून माणूस आधीच पेटवून मोकळा होतो. मजूर मिळत नाही. आणि एक काडी ओढली की अर्ध्या तासात रान साफ.
पण हिशोब बघा. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र, स्फुरद पालाश थोडं थोडं, आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब. आपल्या जमिनीत कर्ब राहिलेला नाही म्हणून सगळे ओरडतात आणि आपण तोच धूर करून वर पाठवायलोय, नत्र तर जवळपास सगळाच उडून जातो. वरून दुकानातून युरियाच्या गोण्या उचलायच्या.
आम्ही काय करतो तर तोडणी झाल्याबरोबर धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटून घेतो, पाचट सरीत पसरवतो, मग टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवायचं जिवाणू खत टाकून पाणी देतो. ट्रॅक्टरला जोडायचं कुट्टी यंत्र भाड्यानं मिळालं तर अजून सोपं, बारीक तुकडा लवकर कुजतो आणि पाण्याला अडत नाही. सगळ्यात मोठा फायदा ओलाव्याचा. एप्रिल मे मध्ये आमच्या पाळीतलं अंतर वाढतं, ज्यांचं रान जाळून उघडं पडलेलं असतं त्यांचा ऊस आधी वाळतो. मराठवाड्यात पाण्याची एक पाळी वाचणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

कापूस_सेलू
दादा उसाचं जमतं पण पऱ्हाट्याचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचं, काय? त्या कुजत नाहीत लवकर, टणक असतात. आणि कृषी खात्यानंच सांगितलंय की गुलाबी बोंडअळी राहते म्हणून पऱ्हाट्या रानात ठेवू नका. मग उपटून बांधावर ढीग लावून पेटवायच्या नाहीतर काय करायच्या?

गोदाकाठ_शेतकरी
ठेवू नका याचा अर्थ जाळा असा नाही भाऊ. पऱ्हाट्या उपटून लगेच कुट्टी करायची, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांचं पुढचं पीक, घ्यायचीच नाही. बारीक केलं की अळीला लपायला बोंडच राहत नाही. ती कुट्टी शेणकाल्यासोबत खड्ड्यात टाकून ओली ठेवली की खत होतं, फक्त पाचटापेक्षा जास्त दिवस लागतात हे खरं. दुसरं, पांढरा कोळसा करणारे लोक आहेत, दाबून कांड्या बनवतात, ते तुराट्या म्हणजे तुरीच्या काड्या, पऱ्हाट्या घेतात, तुमच्या भागात कोण घेतंय चौकशी करा. एकट्या शेतकऱ्याला कुट्टी यंत्र परवडत नाही, गटानं घ्यावं लागतं. परभणीला कृषी विद्यापीठात जाऊन विचारा, माहिती मिळते.

साखरपट्टा_धाराशिव
पाचटासोबत जळक्या उसाचं पण बोला. टोळीला जळका ऊस तोडायला सोपा, लवकर उरकतो म्हणून उभा फड पेटवतात. कारखाना वजनात कपात करतो तो भुर्दंड शेतकऱ्याला. आणि हंगामात बॉयलरमधून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी पडते, आमच्या वस्तीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी काळे ठिपके घेऊनच घरात येतं. बॉयलरला धूळ पकडायचं यंत्र असतं म्हणे, मग काजळी येतेय कुठून?

बिलेट
ओल्या बगॅसवर बॉयलर ओढला किंवा क्षमतेच्या वर चालवला की अर्धवट जळालेली काजळी उडते. स्क्रबरमध्ये, म्हणजे पाण्यानं धूर धुणाऱ्या यंत्रात, पाणी कमी सोडलं तरी तेच. फोटो काढून ठेवा, तारीख वेळ येईल असा.

वैजनाथ_परळी
परळीचं कुणी लिहिना म्हणून मी लिहिते. आमच्याकडं धूर नाही राखेचा प्रश्न आहे. औष्णिक केंद्रात जो कोळसा येतो त्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. चिमणीतून जाणारी राख यंत्रानं पकडतात, मग ती पाण्यात कालवून तळ्यात सोडतात किंवा कोरडी बल्करमध्ये, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकमध्ये, भरतात. इथवर ठीक. पण तळ्याचा वरचा थर उन्हाळ्यात वाळतो आणि मार्च एप्रिलचा वारा सुटला की सगळी राख आसपासच्या गावात. ज्वारीच्या पानावर राख, कडब्यावर राख, ते जनावराच्या पोटात. आणि उघड्या हायवा ट्रकमधून राख नेतात, ताडपत्री नावाला, रस्त्यानं सांडत जाते आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात. अपघात होतात त्यानं.
राख वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते. सिमेंटमध्ये चालते, विटा चांगल्या होतात, रस्त्याच्या भरावात चालते. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रानं सगळीच्या सगळी राख वापरात आणायची आहे. राखेची वीट केली तर लाल विटेची भट्टी पण पेटवावी लागत नाही, रानातली काळी माती पण वाचते. मागणी आमची इतकीच की राख बंद बल्करमधून जावी, तळं ओलं ठेवावं, जे तळं भरलंय त्यावर माती टाकून गवत लावावं. पाण्याची अडचण आहे हे आम्हाला कळतं, २०१५ ला पाण्यावाचून केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. पण मग माती टाकायला तर पाणी लागत नाही ना.

औरंगपुरा_कट्टा
संभाजीनगरचं सांगतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या वसाहती आहेत, गाड्या वाढल्यात, पण रोजचा त्रास कशाचा म्हणाल तर कचरा जाळण्याचा. २०१८ ला नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा सगळ्या शहराला कळलं की तिथले लोक काय सोसायलेत. डेपोवर कचरा मुद्दाम पेटवावा लागतोच असं नाही, ओला कचरा कुजून आत मिथेन होतो आणि उन्हाळ्यात आपोआप धुमसतो, मग आठवडा आठवडा विझत नाही.
गल्लीतलं तर आपल्याच हातात आहे. सकाळी झाडलोट झाली की पालापाचोळा, त्यात कॅरीबॅग, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, सगळं कोपऱ्यात पेटवून द्यायचं. प्लास्टिक जळताना जो वास येतो तो विषारीच असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर जाळायला बंदी घातली आणि त्याच वर्षी हरित लवादानं साध्या कचऱ्याला ५ हजार, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार दंड सांगितलाय. आमच्या गल्लीत आम्ही दंडाची भाषा केली नाही, झाडणाऱ्या मावशींशी बोललो. त्या म्हणाल्या पाला टाकायचा कुठं ते सांगा, घंटागाडीवाला घेत नाही. मग मैदानाच्या कडेला जाळीचा पिंजरा केला, पाला त्यात. पावसाळ्यानंतर खालून खत निघतं ते लोक कुंड्यांना नेतात. आता तिथं धूर नाही.
आणि रस्ते. खोदून ठेवायचे, मुरूम टाकून सोडायचे, डांबराच्या कडेला साईडपट्टी उघडी. प्रत्येक गाडी ती धूळ वर उडवते. कडेपर्यंत ब्लॉक किंवा गवत आणि झाडताना आधी पाणी शिंपडणं, एवढ्यानं पण फरक पडतो.

आशाताई_हिंगोली
सगळे बाहेरच्या हवेचं बोलायलेत, घरातल्या हवेचं कुणी बोला की. मी गावात आरोग्याचं काम करते. बाया पहाटे आणि संध्याकाळी चुलीपुढं बसतात, काखेत लहान लेकरू, जळणाला पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओलं सरपण. खोलीला खिडकी नाही, वरचे पत्रे काळेकुट्ट. डोळे कायम लाल. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या म्हाताऱ्या बायांना दम लागतो.
उज्ज्वलाचा गॅस २०१६ पासून आला, कनेक्शन घरोघर पोचलं, हे मोठं काम झालं. पण टाकी भरायला पैसे लागतात. अनुदान मिळतं तरी आधी पूर्ण रक्कम हातात पाहिजे, आणि सरपण फुकट आहे. म्हणून गॅस चहाला आणि भाकरी चुलीवर असं चाललंय. ज्यांच्याकडं चार जनावरं आहेत त्यांनी गोबरगॅस करावा असं मी सांगत असते, दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं आणि चार पाच माणसांचा स्वयंपाक होतो, वरून स्लरी रानाला. नाहीच जमलं तर निदान चुलीला धुराडं काढा, सरपण वाळवून वापरा आणि लेकरू दुसऱ्याच्या हातात देऊन चुलीपुढं बसा.

श्वास_लातूर
ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. माझ्याकडं फुंकर मारायच्या मशीनवर तपासलेल्या बायांमध्ये चुलीच्या धुरानं श्वासनलिका आकसलेल्या कित्येक असतात, आणि घरचे म्हणतात वय झालं म्हणून दम लागतो. वयानं इतका दम लागत नाही. तपासून घ्या.

बालाघाट_बीड
बरंच नवीन कळालं. पण मला अजून वाटतं झाडं लावणं हाच खरा इलाज. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्का पण नाही. झाडं असती तर एवढी वेळच आली नसती.

औरंगपुरा_कट्टा
झाडं पाहिजेतच, वड, पिंपळ, कडुलिंब धूळ धरून ठेवतात, सावली देतात. पण धुराच्या उगमाला हात न लावता नुसती झाडं लावली तर पानं काळी होतात बस. कारखान्याच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या कडेला दाट पट्टा लावा आणि सोबत फिल्टर पण चालू ठेवा असं म्हणू.

मोतीबाग_जालना
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका. रात्री अकरानंतर आमच्याकडं इतका वास येतो की खिडक्या लावाव्या लागतात, पण सकाळी मोबाईलवर एक्यूआय म्हणजे हवेचा निर्देशांक बघावा तर मध्यम दाखवतो. मग खरं काय?

श्वास_लातूर
दोन्ही खरं. सरकारी समीर ॲपवर पीएमचा जो निर्देशांक दिसतो तो २४ तासांच्या सरासरीवर असतो. रात्रीचे चार तास भयंकर आणि दिवसभर बरं असेल तर सरासरीत रात्र बुडून जाते. तुमची छाती मात्र सरासरी घेत नाही. त्यात हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम होते, भांड्यावर झाकण ठेवावं तसं होतं, धूर वर जातच नाही, पहाटेपर्यंत वस्तीवर बसून राहतो. सकाळी उशिरा ऊन तापलं की उठतो. दम्याच्या पेशंटनी हिवाळ्यात पहाटे फिरायला जाण्यापेक्षा नऊनंतर जावं. आणि तक्रार करताना दिवसाची सरासरी नको, तासातासाचे आकडे मागा.

बिलेट
तक्रारीचं मी सांगतो. हवेच्या १९८१ च्या कायद्यानुसार अशा भट्टीच्या कारखान्याला प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागतं. ते मंडळाच्या वेबसाईटवर बघायला मिळतं. त्यात लिहिलेलं असतं की कोणती यंत्रणा लावायची, चिमणी किती उंच, किती उत्पादनाला परवानगी. आधी ते काढून वाचा. मग अर्जात नुसतं धूर येतो असं लिहू नका, संमतीपत्रातल्या अमुक अटीप्रमाणे यंत्रणा चालू नाही, अमुक तारखेला अमुक वाजता शेडच्या छतातून धूर निघतानाचा व्हिडिओ सोबत जोडलाय असं लिहा. रात्रीच्या पाहणीची मागणी स्पष्ट लिहा. आणि त्या महिन्यांची फिल्टरच्या मीटरची नोंद मागवा अशी पण विनंती करा. एका माणसाच्या अर्जापेक्षा वस्तीच्या सह्या असल्या की फरक पडतो. पोच घ्या, महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात त्याच अर्जावर काय केलं ते विचारा.

मोतीबाग_जालना
हे फार कामाचं आहे. संमतीपत्र आज रात्रीच शोधते. आमच्या गल्लीतून सह्या मिळतील, व्हिडिओ पण दोन तीन जणांकडं आहेत. येत्या सोमवारी अकरा वाजता मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज द्यायला जाऊ असं ठरवतेय. जालन्यातलं अजून कुणी येणार असेल तर सांगा.

रोलिंग_शिफ्ट
सोमवारी माझी सेकंड शिफ्ट आहे, अकराला येऊ शकतो. चंदनझिऱ्यातून अजून काही जण आणतो. अर्जात कामगारांच्या मास्कचा मुद्दा पण घाला.